नऊ सामने, नऊ विजय



आजच्या विषयाची पाटी वाचून काही मंडळींनी घरी बसणेच पसंत केले असेल, हे मी धरून चाललो आहे. संतवाङ्मय आणि अर्थसंकल्प यांच्यामधल्या संध्याकाळी अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फुटबॉल संघ कसा शिरला, असे मला जिना चढता चढताच एका वडीलधाऱ्या श्रोत्यांनी विचारले. त्यांना मी एवढेच म्हणालो, 'बसा तर खरे. खेळ अर्ध्या तासात संपतो. उरलेला वेळ खेळाबाहेरच्या गोष्टींनाच लागणार आहे.'

प्रथम एक गैरसमज दूर करतो. अमेरिकन ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाला काम फार थोडे. चेंडू लांबट, नारळासारखा. तो काखेत मारून धावायचे किंवा हाताने पुढच्या गड्याकडे फेकायचा. प्रत्येक बाजूला ११ गडी. मैदान १०० यार्डांचे. ज्याच्या हातात चेंडू त्याला प्रतिपक्षाने धरून पाडायचे. चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. चेंडूसकट शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाउन', त्याचे सहा गुण. म्हणजे नाव फुटबॉल असले तरी नाते आपल्या हुतूतूशीच अधिक जवळचे. दम धरण्याऐवजी चेंडू धरायचा आणि पकड मात्र तशीच, किंबहुना अधिक राक्षसी. म्हणून तर डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर गाद्या बांधून हे गडी उतरतात. एवढे व्याकरण आजच्यापुरते पुरे.

आता कथा. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहरात एका टेकडीवर जेझुइट पाद्र्यांचे एक विद्यापीठ आहे, १८५५ साली स्थापन झालेले. नाव विद्यापीठ, पण १९५१ साली त्याचा आकार आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या कॉलेजाएवढाच होता. त्यांच्या खेळाडूंना 'डॉन्स' म्हणत. स्पॅनिश भाषेत डॉन म्हणजे आपले 'राव'. या रावांना स्वतःचे धड मैदान नव्हते. सामने शहराच्या केझार क्रीडांगणावर होत, आणि प्रेक्षकांच्या तिकिटांतून खर्च निघत नसे.

त्यांचे शिक्षक होते जो कुहारिच. स्वतः नोत्र दाम या प्रसिद्ध कॉलेजचे खेळाडू, स्वभावाने कडक. हंगामापूर्वी पोरांना त्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग नावाच्या गावी नेले आणि तिथल्या उन्हातान्हात, धुळीत अक्षरशः पिदडून काढले. त्या शिबिराच्या आठवणी काढताना म्हातारपणीही या खेळाडूंच्या अंगावर शहारे येत असत.

आणि पोरे तरी कशी! जीनो मार्केटी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा; दुसऱ्या महायुद्धात कोवळ्या वयात युरोपातल्या बर्फात लढून आलेला. कॉलेजात तो प्रथम आला तो चामडी जाकीट घालून मोटारसायकलवरून, आणि त्याला पाहून कुहारिच यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असे सांगतात. बॉब सेंट क्लेअर हा पावणेसात फुटी देह. एड ब्राउन हा चेंडूफेक्या. संघाची जाहिरात करायला, वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायला एक हसतमुख तरुण ठेवलेला होता, त्याचे नाव पीट रोझेल. हे नाव कृपा करून लक्षात ठेवा.

आणि दोघे कृष्णवर्णी: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसन मूळचा टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावचा, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघांची गाठ पडली सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात. तिथल्या १९४८च्या अजिंक्य संघात दोघे खेळले आणि तिथून जोडीनेच टेकडीवरच्या विद्यापीठात आले. टोलर बचावाचा बुरूज. मॅटसन म्हणजे वाराच. वजनाने भारी आणि तरी शर्यतीच्या घोड्यासारखा पळणारा, असा योग फार क्वचित जुळून येतो. अडवायला आलेल्याला तो हुलकावणी देई, आणि हुलकावणी जमली नाही तर त्याच्या अंगावरून जाई.

१९५१च्या हंगामात या संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. सगळ्यांचे वर्णन करीत नाही, कारण बहुतेक सामने एकतर्फी झाले आणि एकतर्फी सामन्याचे वर्णन ऐकणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातल्या पंगतीचे वर्णन ऐकणे. पण ऑक्टोबरातला एक सामना सांगतो. संघ न्यू यॉर्कला गेला, फोर्डहॅम विद्यापीठाशी खेळायला. पूर्वेकडच्या पत्रपंडितांना पश्चिम किनाऱ्यावरच्या या लहान कॉलेजची मातब्बरी वाटत नव्हती. खेळ सुरू करताना एक पक्ष लाथेने चेंडू दूर उडवतो आणि दुसऱ्याने तो झेलून धाव घ्यायची असते. मॅटसनने असा चेंडू झेलला आणि ९४ यार्ड धावत जाऊन शेवटची रेषा ओलांडली. एखाद्याच्या आयुष्यात असे एकदा घडते. मॅटसनने त्याच दिवशी ते पुन्हा केले, या वेळी ९० यार्ड. डॉन्सनी सामना ३२-२६ असा जिंकला. म्हणजे त्या दोन धावांतली एक जरी चुकली असती तरी पारडे फिरले असते. साऱ्या हंगामात इतक्या जवळ त्यांच्या कोणी आले नाही.

नऊ सामन्यांत मॅटसन चेंडू घेऊन एकूण १,५६६ यार्ड धावला. जवळजवळ दीड किलोमीटर, आणि प्रत्येक पावलाला अकरा माणसे त्याला लोळवायला टपलेली. त्या वर्षी सगळ्या देशात इतके कोणी धावले नाही. २१ टचडाउन त्याच्या नावावर लागली. पण वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारी हाइसमन ढाल प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला गेली आणि मतगणनेत मॅटसन नववा आला. काझमायरही थोर खेळाडू होता, त्याबद्दल वाद नाही. नववा का, हा मात्र वाद आहे.

आता 'बाऊल' म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्या कथेची गाठ तिथे आहे. नियमित हंगाम नोव्हेंबरात संपतो. मग नववर्षदिनाच्या सुमारास निवडक संघांना खास सामन्यांची आमंत्रणे येतात. मैदाने वाटीच्या आकाराची, म्हणून सामन्यांना बाऊल म्हणायचे: फ्लोरिडात ऑरेंज बाऊल आणि गेटर बाऊल, लुइझियानात शुगर बाऊल, टेक्सासात कॉटन बाऊल आणि सन बाऊल. कॅलिफोर्नियातला रोझ बाऊल सर्वांत जुना, पण तिथल्या जागा दोन बड्या संघटनांच्या विजेत्यांसाठी कराराने बांधलेल्या. डॉन्स कोणत्याच संघटनेत नव्हते. तेव्हा त्यांनी आशा धरायची ती दक्षिणेकडच्या वाट्यांची. ही आशा नुसत्या मानाची नव्हती. बाऊलमध्ये खेळणाऱ्या कॉलेजला प्रवेशशुल्काचा मोठा वाटा मिळतो, आणि तोट्यात बुडालेल्या या संघाला तेवढ्यावर आणखी एक वर्ष काढता आले असते.

दक्षिणेकडचा त्या वेळचा कायदा आपल्याला ठाऊक आहे. आगगाडीचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, शाळा वेगळी. मैदानासाठी मात्र नेहमीच कायदा लागत नसे, तिथे 'सभ्य गृहस्थांचा करार' चाले. उत्तरेच्या कॉलेजने दक्षिणेत खेळायला जाताना आपला कृष्णवर्णी खेळाडू घरी ठेवायचा, बस्स. बोस्टन कॉलेजने १९४० साली कॉटन बाऊलला आणि पुढच्या वर्षी शुगर बाऊलला जाताना लू माँटगोमेरी या आपल्या खेळाडूला असेच खेळापासून दूर ठेवले होते. सभ्य हा शब्द किती तऱ्हांनी वापरता येतो!

आणि जो दक्षिणेत गेला त्याचे काय होई? डॉन्सच्या त्याच हंगामात, २० ऑक्टोबर १९५१ रोजी, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णी खेळाडू जॉनी ब्राइट याच्या तोंडावर प्रतिपक्षाच्या गड्याने पुन्हा पुन्हा आघात केले. चेंडू त्याच्याकडे नसताना. जबडा मोडला. एका वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी त्या क्षणांची चित्रे टिपली, म्हणून जगाला कळले. त्या चित्रांना १९५२चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मारणाऱ्याला शासन झाले नाही. त्या विद्यापीठाचे माफीपत्र निघाले ते २००५ साली. तोवर ब्राइट मरून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आपल्यापैकी कोणाच्या मनात येत असेल, की बघा या गोऱ्यांची संस्कृती. जरा थांबू या. पुण्यात पाळवणकर बाळूंची फिरकी साहेबाची दांडी उडवायला चालत होती. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचे कप्तानपद मिळायला १९२३ साल उजाडले. असो. पुढे जाऊ.

आठवा सामना स्टॉक्टनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी. पॅसिफिकचा संघ नावाजलेला, आणि बाऊलवाल्यांची नजर या सामन्याकडे लागलेली. डॉन्सनी त्यांना ४७-१४ असे धुऊन काढले. शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या लोयोला विद्यापीठाशी, आणि तो झाला पॅसाडेनाच्या त्याच रोझ बाऊलच्या मैदानात. तिथेही २०-२ अशी सरशी झाली. हे लोयोलाही जेझुइटांचेच. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही: १९५० साली टेक्सासमधल्या एल पासो येथे आपल्या कृष्णवर्णी खेळाडूला खेळू देणार नाहीत असे कळताच त्यांनी तो सामनाच सोडून दिला होता. एका अर्थाने त्या दिवशी मैदानावर दोन्ही बाजूंना एकाच शाळेतली माणसे होती.

आता आमंत्रणाची वाट पाहायची. निरोप आला तो असा: मॅटसन आणि टोलर यांना वगळून येत असाल तर बोलू, नाही तर नाही. कुहारिच यांनी तो खेळाडूंच्या कानांवर घातला. नेमके कोणते शब्द कोणी उच्चारले, याच्या आठवणी पुढे प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितल्या आहेत, आणि पन्नास वर्षांनंतरच्या आठवणी जुळत नाहीत म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे. मतदान घेण्याची पाळीच आली नाही. दोघांना घरी ठेवून जायचे, हा प्रश्नच त्यांना प्रश्न वाटला नाही. सगळे जाऊ, नाही तर कोणी नाही.

या प्रसंगाकडे पाहताना आपण वाहवा करतो ती त्या गोऱ्या मुलांची, आणि ती योग्यच आहे. मार्केटीसारख्या युद्ध पाहून आलेल्या माणसाला नववर्षदिनी ऐंशी हजारांसमोर खेळायची हौस नसेल काय? पण मला त्या दोघांचे मन अधिक कोड्यात टाकते. तुमच्या जिवाभावाचे सोबती, वर्षभर एकाच धुळीत लोळलेले, आणि तुमच्या कातडीपायी त्या सर्वांच्या तोंडचा घास जातो आहे. 'तुम्ही जा, आमची काळजी करू नका,' असे म्हणावेसे वाटले नसेल का? आणि म्हटले असते, तर तो मोठेपणा झाला असता की त्या 'सभ्य करारा'वर आपल्याच हाताने केलेली सही? दोघेही त्याविषयी पुढे फारसे कडवटपणे बोलले नाहीत. म्हणून आपण त्यांच्या वतीने कडवट व्हायचे कारण नाही. पण विचारायला हरकत नाही.

बाऊलवाल्यांचे म्हणणेही सांगितले पाहिजे. ते म्हणत, या संघाचे प्रतिस्पर्धी कच्चे. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सॅन होजेशी डॉन्स एकाच हंगामात दोनदा खेळले, आणि नऊपैकी दोन सामने लष्करी छावण्यांच्या संघांशी झाले. वृत्तपत्रांच्या शेवटच्या क्रमवारीत त्यांचा नंबर १४वा होता. पण मग एक कोडे उरते. ज्या पॅसिफिकला त्यांनी ४७-१४ असे लोळवले, त्या पॅसिफिकला सन बाऊलचे आमंत्रण आले! विजेता घरी आणि पराजित पाहुणा. गंमत अशी, की पॅसिफिकच्या संघातही एडी मेकन हा कृष्णवर्णी खेळाडू होता, आणि तो त्या सामन्यात खेळला. म्हणजे दक्षिणेतली सगळीच दारे सारख्याच कुलपांनी बंद नव्हती. १९४८च्या कॉटन बाऊलमध्येही पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णी खेळाडू उतरले होते. तेव्हा 'काळच तसा होता' ही सबब मला पटत नाही. काळ एकच होता. काहींनी दार उघडले, काहींनी लावून घेतले.

त्या नववर्षदिनी ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले, शुगर बाऊलमध्ये मेरीलँड आणि टेनेसी. डॉन्स आपापल्या घरी होते. आणि लवकरच विद्यापीठाने जाहीर केले की हा खर्च आता झेपत नाही, फुटबॉल बंद. देशातल्या उत्तम संघांपैकी एक, एकही सामना न हरता, संपला. बाणेदारपणापायी संघ बुडाला असे पुष्कळदा सांगण्यात येते. कथा म्हणून ते छान वाटते, पण हिशेबाला धरून नाही. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने आदल्याच वर्षी खेळ बंद केला होता. लोयोलानेही १९५१ नंतर केला, सांता क्लाराने १९५२ नंतर. त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या कॅथलिक कॉलेजांची तीच गत होती. बाऊलच्या पैशांनी मरण वर्षभर पुढे गेले असते, टळले नसते. मला वाटते, यामुळे त्या मुलांच्या नकाराची किंमत कमी होत नाही. उलट त्यावर चढलेला भावुकतेचा मुलामा तेवढा निघतो.

मॅटसन तेवढ्याने थांबला नाही. १९५२च्या उन्हाळ्यात तो हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये धावला. ४०० मीटरांत जमैकाचे रोडन आणि मॅकेन्ली पुढे, तिसरा मॅटसन, कांस्यपदक. चार जणांच्या रिले शर्यतीत जमैकाने सेकंदाच्या एकदशांशाने अमेरिकेला मागे टाकले, तिथे रौप्यपदक. ज्याला मायामीच्या मैदानात खेळायला मज्जाव होता, त्याने सहा-सात महिन्यांनी देशाचा झेंडा वर चढवला. आणि श्रोतेहो, त्याच हेलसिंकीत, त्याच आठवड्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव यांनीही कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांच्या वाटेत कातडीचा रंग नव्हता, पैका होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, तेव्हा हा गडी बोटीपर्यंत पोचला. हे दोघे तिथे एकमेकांना भेटले असतील असे मी म्हणत नाही. पण एकाच गावात, एकाच रंगाचे पदक गळ्यात घालून ते दोघे हिंडत होते, हे मला फार आवडते.

पुढची हकिगत थोडक्यात. मॅटसन धंदेवाईक संघात गेला, आणि १९५९ साली लॉस एंजेलिसच्या संघाने त्याला घेण्यासाठी नऊ जणांचा मोबदला दिला. हा सौदा ठरवणारा व्यवस्थापक कोण? आपला जाहिरातवाला पीट रोझेल. १९६० साली तोच रोझेल साऱ्या धंदेवाईक फुटबॉलचा आयुक्त झाला आणि १९८९पर्यंत राहिला. मार्केटी बाल्टिमोरचा, सेंट क्लेअर सॅन फ्रान्सिस्कोचा आधारस्तंभ झाला. दोघे आणि मॅटसन, तिघेही त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात आहेत. २००६ साली विद्यापीठाने त्या संघाला सन्माननीय पदव्या दिल्या. तोवर बरेच जण गेले होते.

टोलरच्या नशिबी मात्र कीर्तिमंदिर नव्हते. १९५२ साली शिकागोच्या एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि धंदेवाईक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला. पोरांना गणित शिकवले, पुढे मुख्याध्यापक झाला; सॅन फ्रान्सिस्कोत माध्यमिक शाळेच्या त्या खुर्चीवर बसणारा पहिला कृष्णवर्णी. आणि १९६५ साली रोझेलच्या लीगमध्ये पंच म्हणून उभा राहिला. तिथेही पहिलाच. आठवडाभर शाळा, रविवारी शिट्टी.

२० जानेवारी १९८० रोजी त्या देशातला सर्वांत मोठा सामना, सुपर बाऊल, पॅसाडेनाला झाला. एक लाखाहून अधिक प्रेक्षक. आयुक्त रोझेल. पंचांमध्ये, रेषेवर, बर्ल टोलर. मैदान रोझ बाऊलचे, १९५१च्या नोव्हेंबरात ज्यावर तो शेवटचा सामना २०-२ असा जिंकून डॉन्स आमंत्रणाची वाट पाहात घरी गेले होते.